खीळ

उणे सत्तावीस. हातमोजा काढला तर लोखंड कातडी मागतं,
म्हणून मी मोजून काढतो: एक हात, दोन श्वास, परत आत.
कायानीच्या धावपट्टीवर रात्र दुपारी तीनला येते
आणि सकाळी नऊ वाजले तरी उठायचं नाव घेत नाही.

विमान ओढून नेताना तिन्ही पायांत एकेक खीळ घालायची,
पाय चुकून दुमडू नयेत म्हणून.
उडण्याआधी काढायची. इतकंच.
प्रत्येक खिळीला वीतभर लाल फीत, वाऱ्याला जीभ दाखवणारी.
उजव्या पायातलीची फीत मागच्या मंगळवारी तुटली.
नवी मागवली होती. अर्ज कुठल्यातरी टेबलावर सही शोधत होता.
लाल फितीचं काम, लालफितीतच अडकलेलं.

कॅप्टन सिर्का लेहतोवारा काचेमागून बघत होती.
मी खिळींची जुडी उंच धरली. तिने अंगठा दाखवला.
अंधारात दोन फिती तीनसारख्या दिसतात,
ज्याला तीनच बघायच्या असतात त्याला तर नक्कीच.
कागदावर लिहिलं: तीन काढल्या. खाली सही.
माझी सही सुबक आहे. शाळेत अक्षराला बक्षीस होतं.

घरी मार्केताने लापशीवर लोणी सोडलं होतं, ते अजून वितळत होतं
तेव्हा विमान वर गेलं.
पाय पोटाशी घेतले की ते शीळ घालत जातं.
हे घोगरं होतं, ओढत चाललेलं,
झोपलेल्या माणसाला एका बुटासकट उचलून न्यावं तसं.
चमचा तोंडाशीच राहिला. हात खिशात गेला.
एक. दोन.
खिसा उलटा केला. एक नट, खारट गोळीचा काळा कागद.
एक.
दोन.

टॉवरमधून कार्तुनेन म्हणाला, डावा आत आला, पुढचा आला, उजवा येत नाही.
मी म्हणालो, तो येणारच नाही. तो मोडलेला नाही, घट्ट आहे.
बाकीचे दोन खाली सोडायला सांग आणि उतरव त्यांना.
आत खीळ आहे. माझी.
पलीकडे नुसती खरखर.
मग तो म्हणाला, नाव सांग.
वीस वर्षं आम्ही एकाच भोकातून मासे धरतो, बर्फ फोडून.
मी सांगितलं: राइमो पुल्किनेन. एकेक अक्षर सुटं करून.

इंधन जाळत ते पन्नास मिनिटं गोठलेल्या तळ्यावर फिरलं.
मार्केता अंगणात माझ्या शेजारी उभी, अंगात माझाच कोट.
दर फेरीला दिवे सौनाच्या छपरावरून जायचे
आणि मी फेऱ्या मोजायचो.
मोजायची अक्कल आता आली होती.
अकराव्या फेरीनंतर ती म्हणाली, चल, गाडी मी चालवते.

उतरलं. काही झालं नाही, असंच सगळे म्हणतील.
एकेचाळीस माणसं बर्फातून चालत आली, टोप्या सावरत.
हॉकीची पिशवी घेतलेला एक मुलगा रडवेला, त्याची मॅच गेली.
हिल्या नावाच्या म्हातारीच्या हातात लिंगोनबेरीची बादली,
बहिणीचं ऑपरेशन दहाला होतं, हेलसिंकीत.
शुद्धीवर आल्यावर मी समोर दिसायला हवी होते, म्हणाली.
मग माझं नारिंगी जाकीट पाहून माझा हात धरला:
तुम्ही लोक आहात म्हणून आम्ही जमिनीवर येतो.
मी "हं" म्हणालो.
आमच्याकडे हं म्हटलं की कुणी पुढे विचारत नाही.

मग पंखाखाली वाकून गेलो.
ती तिथेच होती, बिनफितीची, बर्फाने पांढरी,
जिथे घातली तिथे, जशी घातली तशी.
सगळ्या खटाटोपात एकटी तीच आपल्या कामाला चुकली नव्हती.

हातमोजा काढला.
श्वास मोजले नाहीत.