आरा

पहिल्याच सकाळी मी एल्गुजाच्या खुर्चीच्या मुठी धरल्या
आणि ढकलायला लागले.
दार समोर होतं, वारं बोचरं होतं,
मला वाटलं, एवढं तरी करावं.
त्यानं खटकन ब्रेक ओढला.
म्हणाला, "आरा."

मी वाकून चाक बघितलं.
आरे सगळे शाबूत,
ना चिंधी अडकलेली, ना काडी.
तो पुन्हा, "आरा. आरा."
मी फरशीवर बसून एकेक आरा बोटानं चाचपत राहिले,
आणि खातिया इतकी हसली
की तिच्या हातातली निळी लोकर चहात पडली.

त्सियालाबाईंनी मग मोडक्या इंग्रजीत सांगितलं :
आमच्याकडे आरा म्हणजे नाही.

तेलावीच्या पुढचं गाव. शाळेची जुनी इमारत,
तिच्यात नमदे बनवणारी अकरा तरुण मुलं.
मी तीन महिन्यांसाठी आलेली,
बॅगेत रबरी पट्ट्या, व्यायामाचे तक्ते,
दोन किलो चिवडा
आणि उपयोगी पडायची केवढी ती हौस.

खातियाला स्कार्फ बांधायला सतरा मिनिटं लागतात.
मी मोजली आहेत. तिसऱ्या मिनिटाला माझे हात निघाले,
आरा.
नवव्या मिनिटाला पुन्हा निघाले,
आरा, आणि वर डोळे वटारून.
सतराव्या मिनिटाला गाठ कानामागे आली, तिरकी,
तिला तशीच हवी होती.

नेस्तानला ऐकू येत नाही.
ती सगळ्यांना हातांची नावं देते :
त्सियालाबाई म्हणजे कपाळावरची आठी,
एल्गुजा म्हणजे मिशीला पीळ
(मिशी अजून नीट आलेली नाही).
माझं नाव तिनं दुसऱ्या आठवड्यात ठरवलं :
दहाही बोटं पुढे काढून हवेत वळवळवायची,
कुणी न बोलावलेल्या खेकड्यासारखी.
सगळे टाळ्या पिटत होते.
मी मनात भाषांतर केलं. एकच शब्द सापडला.
लुडबुड.

रात्री खोलीत आरशासमोर करून पाहिलं ते नाव.
जमलं. फार सहज जमलं.

ऑक्टोबरात द्राक्षं उतरवायला गेलो,
एल्गुजाच्या काकांच्या मळ्यात.
मी तासगावची. म्हटलं, चला, हे तरी मला येतं.
आमच्याकडे घड देठाला धरतात,
मण्यावरची लव बोटानं पुसली तर मालक ओरडतो.
इथे? धरा, कापा, फेका बादलीत,
दारूच तर व्हायची आहे!
एल्गुजा खुर्चीतून खालचे घड कापत होता,
नेस्तान वरचे. खातिया खात होती.

भरलेली बादली घेऊन मी उतारावरून निघाले, एकटीच,
आणि पाय मुरगळला.
बादली उपडी. मी चिखलात.
गुडघ्याखाली गच्च काळी द्राक्षं फुटलेली.

कुणी धावलं नाही.
एल्गुजा ओळीओळीतून सावकाश आला,
एक चाक रुतलं, त्यानं ते काढलं, मग पुन्हा रुतलं.
मी बघत होते, दात आवळून,
घोटा टम्म सुजत होता
आणि मला वाटत होतं, अरे कुणीतरी ढकला त्याला.

तो पोचला. ब्रेक लावला.
हात लांब केला, पण मला लावला नाही.
तिथेच धरून ठेवला, वीतभर अंतरावर,
भुवया वर करून विचारत.

असं मला आजवर कुणी विचारलं नव्हतं.
मीही कुणाला नाही. आईच्या शेवटच्या आजारात
किती वेळा उशी नीट केली मी तिची,
किती वेळा ती काहीतरी म्हणत होती.

"हो," म्हणाले मी.
मराठीतच. कळवळून दुसरं काय सुचणार?

त्यानं लगेच हात धरला.
नंतर समजलं, त्यांच्यातही घरगुती बोलण्यात
होकाराला हो च म्हणतात.

घरापर्यंत मी खुर्चीच्या मुठींना धरून लंगडत गेले,
चाकं तो फिरवत होता.
दारात नेस्ताननं माझा पाय पाहिला, चिखल पाहिला,
आणि दहाही बोटं हवेत वळवळवली.

नाव काही बदललं नाही.