कणकण

बाबा म्हणाले, होडीला भोक पाडणारी
आपल्या घरात तू पहिलीच.

साठ वर्षं त्यांनी भोकंच बुजवली,
कापूस ठासून, डांबर ओतून,
हिवाळाभर कालिम्नोसच्या धक्क्यावर उकिडवं बसून.
पाणी आत येता कामा नये, एवढंच त्यांचं शास्त्र.
आणि मी गोल करवत घेऊन
मागच्या कप्प्याच्या फळीपाशी गुडघे टेकलेले.

डिझेलचं इंजिन गेल्या वर्षी काढलं.
त्याच्या जागी आता चार बॅटऱ्या,
एका पांघरुणातल्या बहिणींसारख्या खेटून.
इंजिन बिघडायच्या आधी खोकायचं, धूर ओकायचं,
अख्ख्या बंदराला कळायचं.
ह्या काही बोलत नाहीत.
पोरंही असतात अशी काही, बाबा म्हणाले,
आणि माझ्याकडे न बघता
जाळ्यातली गाठ सोडवत राहिले.

जुलैत पलीकडच्या स्केवोसच्या होडीतून
आधी नुसता गोडसर वास आला.
मग कप्प्याचं झाकण फुगलं.
मग आम्ही दोर कापून ती बंदराबाहेर ढकलली
आणि दुपारभर ती जळत राहिली,
एवढ्या समुद्रात असून.

म्हणून ही भोकं. दोन.
एक खाली, डाव्या अंगाला: गार हवा यायला.
एक वर, उजव्या अंगाला: तापलेली जायला.
दोन्हींवर बाकदार टोप्या, लाटेचा शिंतोडा परतवणाऱ्या.
बॅटऱ्यांमध्ये दोन-दोन बोटं अंतर.
मधल्या दोघींच्या पाठीला एकेक तापमापक,
कारण ताप मधल्यांनाच आधी चढतो,
कडेच्यांना निदान एक कूस मोकळी असते.
तारांचे नट आवळताना एक सैल सापडला.
बोट ठेवलं. बाकी सगळे गार, हा कोमट.
सुरुवातीला एवढंच असतं.
नुसती कणकण.

आकडा सुकाणूपाशी आणला, तळहाताएवढ्या काचेत.
पस्तीसला पंखा सुरू,
पंचेचाळीसला चार्जिंग बंद,
पन्नासला भोंगा.
बाबांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.
दुसऱ्या दिवशी वरच्या भोकावर त्यांचा कोट,
कोटावर ओला दोरखंड,
दोरखंडावर फडक्यात बांधलेला पाव.
काच एक्केचाळीस म्हणत होती.
मी ओरडले. शेजारच्या होडीतले लोक वळून बघायला लागले.
त्यांनी एकेक वस्तू उचलली,
पाव मात्र हातातच धरून बसले.

खूप वेळानं म्हणाले,
मी बारा वर्षांचा होतो. नळी माझ्या हातात असायची.
खाली वीस वाव पाण्यात साव्वास, माझा थोरला भाऊ,
डोक्यावर तांब्याचं शिरस्त्राण, स्पंज कापत.
दोघं चाक फिरवायचे, मी नळीकडे बघायचं.
बघणं एवढंच काम.
उन्हात डुलकी लागली.
कुणीतरी पाण्याचं पिंप सरकवलं होतं,
त्याचा काठ नळीवर.
किती वेळ, ते आजही माहीत नाही.
साव्वास घाईनं वर आला, वर आला तेव्हा हसत होता,
आणि संध्याकाळपासून त्याचे पाय गेले ते गेलेच.

मला हा काका ठाऊक होता, खुर्चीतला,
ऑक्टोपस वाळत घातलेल्या दोरीखाली बसणारा.
पिंप ठाऊक नव्हतं.

पाव त्यांनी शेवटी माशांना टाकला.

आता रात्री धक्क्यावर चार्जिंग चालू असलं की
बाबा दोनदा उठतात.
चष्मा विसरतात, काचेतला आकडा दिसत नाही,
म्हणून वरच्या भोकापाशी तळहात धरून उभे राहतात,
निजलेल्या मुलाच्या नाकापाशी धरावा तसा.
परत येताना माझ्या दाराशी थांबतात.
चौतीस असावेत, म्हणतात.

मी फोनवर बघते. तेहेतीस.
बरोबर, म्हणते.