रांगोळीवर कोणी पाय देत नाही

वरूडच्या अलीकडे, नाल्याच्या वळणावर
संत्र्याला पॉलिश करायचा आमचा कारखाना.
आंबिया निघाला की रात्रंदिवस पट्टा चालतो.
फळ धुतलं जातं, पुसलं जातं, मेणात न्हातं
आणि त्यातलं थोडं मेण, थोडं पाणी
गुपचूप फरशीवर उतरतं.

मी इथला कारकून. माझ्याकडे तीन वह्या.
आवक, जावक,
आणि तिसरी बारीक, निळ्या पुठ्ठ्याची :
कोण पडलं, कुठे, किती वाजता.

मागच्या हंगामात तिच्यात छबू नेवारेचं नाव आलं.
डोक्यावर वीस किलोचा क्रेट,
पायात झिजलेली स्लिपर,
फरशीवर एक साल. नखाएवढी.
कारणाच्या रकान्यात मी लिहिलं : निष्काळजीपणा.
अक्षर चांगलं आलं होतं.

खुबा मोडला. अमरावतीला नेली.
सांडलेली संत्री मात्र सगळी वेचली गेली,
दोन सोडून.

मग मालकांनी बोर्ड लावायला सांगितला,
मीच रंगवून आणला. सावकाश चाला.
लाल अक्षरं, भिंतीवर, पुरुषभर उंचीवर.
झाडूवाली देवकाबाई बेलसरे
बराच वेळ त्याच्यासमोर उभी.
"बाबू, डोक्श्यावर वझं असलं
तं मान वर होते का?"
"मग खाली बघायचं."
"खालीबी होत नाई.
मानूस पाह्यते समोर. चार पावलं. तेवढंच."

दुसऱ्या दिवशी ती घरून घेऊन आली
डब्यात शिरगोळ्याचं पीठ.
पट्ट्याच्या तोंडाशी जिथे गळतं
तिथून चार पावलं अलीकडे, कोरड्या फरशीवर
काढलं एक कमळ. वाकडंच.
मुकादम ओरडला, "कोनाचं लगन हाय वं?"
पण बोलता बोलता त्याचा पाय थबकला
आणि तो वळसा घालून गेला.

क्रेटवाल्या बायाही वळसा घालून गेल्या.
तोवर देवकाबाईनं भुसा टाकला, फरशी पुसली,
आणि कोरडी झाल्यावर
कमळही पुसून टाकलं.
मी विचारलं, राहू दे की, छान दिसतं.
"रोज राह्यलं तं सवय होते बाबू.
मंग तुडवतेत."

तेव्हापासून पीठ मी जावक खात्यात दाखवतो,
किलोला किती ते मालकांनी अजून विचारलं नाही.
गळणारा नळ बदलायला त्यांना महिना लागला.
जिन्याच्या तिसऱ्या पायरीवरचा बल्ब
देवकाबाईनं चारदा आठवण दिल्यावर मी आणला.

निळी वही यंदा कोरी आहे.
न पडलेल्या माणसांसाठी तिच्यात रकाना नाही.

काल रात्री मी मागचं पान उघडलं.
वहीत खाडाखोड चालत नाही. तरी केली.
कारण : साल.
खाली, मावेल तेवढ्या जागेत :
कोणी उचलली नव्हती. मीही तिथून गेलो होतो.

छबू आता बसून निवड करते, टेबलापाशी.
मधल्या सुट्टीत एखादं डागी संत्रं सोलते
आणि साल पदराच्या टोकात
गाठ मारून घरी नेते.