कानातली खूण

सप्टेंबरात डोंगरावरून मेंढ्या उतरतात,
साऱ्या खोऱ्याच्या, एकात एक मिसळून,
आणि गोल कुंपणात शिरतात.
भोवती संत्र्याच्या फोडींसारखे कप्पे,
प्रत्येक फोडीचं दार वेगळ्या घराचं.

माझी आत्या स्टाइनवर, वय एकाहत्तर,
मेंढीवर मांड टाकते,
दोन बोटं कानात घालते.
डाव्याला टोकाशी चीर, उजव्याला मागून खाच:
आपली.
डोळे भलतीकडेच,
हॉलबेराशी कॉफीच्या भावावरून वाद चाललेला.
मेंढी ओढत ती दाराकडे निघते

आणि दार तीन पावलांवर असताना
थांबते.
वाद थांबत नाही, हात थांबतो.
बोटं परत कानात जातात.
"ही आपली नव्हे," असं ती म्हणते
तोवर मेंढी वळवूनही झालेली असते,
जणू कुणाचा तरी निरोप
उशिरा वाचून दाखवावा.

रेक्याविकमध्ये मी याच थांबण्याचा पगार घेते.
लोकांना ओल्या तारांची टोपी घालते,
पडद्यावर बाण दाखवते:
डावा की उजवा, लवकर, लवकर.
चुकीचं बटण दाबलं गेलं
की कपाळामागे एक लाट उठते,
सेकंदाच्या दहाव्या भागातच,
"अरेच्चा" ओठांवर यायच्या कितीतरी आधी.
पुढचं बोट जरा जपून पडतं.
माणूस टोपी काढत म्हणतो,
माझं एकही चुकलं नाही बरं का.
कागद म्हणतो, एकोणीस.

हे सगळं आत्याला सांगितलं, चुलीशी.
ती मोजा विणत होती. दोन टाके उसवले,
मग म्हणाली, केटिलचं कोकरू ठाऊक आहे तुला?
आपलंच म्हणून आणलं होतं मी.
हिवाळाभर चारा घातला, नाव ठेवलं,
वसंतात लोकर कातरताना कान हाती आला.
दोन पोती लोकर घेऊन गेले त्याच्या दारात.
त्याने दार उघडलं, पोती घेतली,
आत ये म्हणाला नाही.

"आणताना शंका नाही आली?"

"छे. खात्री होती ना,
म्हणून तर परत चाचपलं नाही."

माझ्या कागदावर या उत्तरासाठी रकाना नाही.
लाट उठली ती मोजता येते.
जी उठलीच नाही,
जिच्यावाचून मी घर विकलं,
एका माणसाला नाही म्हटलं,
दोन्ही वेळा कशी ताठ मानेने,
ती कुठल्या तारेत शोधू?

दुसऱ्या दिवशी मीही एक मेंढी धरली.
चीर, खाच. आपली.
दाराशी पोचले.
आत्या पलीकडून बघत होती, चेहरा कोरा.
माझा हात आपसूक मागे गेला,
आणि त्या घटकेला
कान मेंढीचा धरलाय की स्वतःचा
हे काही सांगता येईना.

खूण बरोबर होती.
मेंढी तरीही ओरडली.