बाबा घर मोजतात

नागपूरहून बाबा एसटीनंच आले,
अँब्युलन्सवाला सहा हजारांच्या खाली येईना म्हणून.
साकोलीपासून काळीपिवळीत, पुढच्या सीटवर,
मांडीवर स्कॅनचं मोठं पाकीट,
काचेचं काही आणतोय असं धरलेलं.

मायनं भाकरतुकडा ओवाळून टाकला.
चैतराममामांनी दंडाला धरून बसवलं खाली,
खाली, कारण

"खाट कुठी हाय?"
"ढेकूण झाले होते. उन्हात टाकली," माय म्हणाली.
बाहेर दिवे लागले होते.

स्टीलच्या पेल्यात पाणी आलं.
पेला हातातच, बाबा गुंडाच्या जागेकडं पाहत राहिले.
शेणानं सारवलेल्या ओट्यावर
एक गोल, बाकीच्या जमिनीहून फिकट.
"कल्हईले देला," माय म्हणाली.
"अन् सायकल?"
"धनूनं नेली."
धनू दारातच उभा होता.
तो मागच्या अंगणात निघून गेला
आणि बराच वेळ उगाच हात धूत बसला.

बकऱ्यांचं बाबांनी विचारलं नाही.

हिशेब माझ्याकडं आहे,
जीवशास्त्राच्या वहीत, मागच्या पानांवरून पुढं येणारा.
पुढून बेडकाचं हृदय, तीन कप्प्यांचं,
मागून खाट : सहाशे पन्नास.
सहाशे पन्नासात धंतोलीत काय येतं?
बिलात हातमोजे होते, एकशे बारा जोड.
मी दोनदा वाचलं.
बाबांना आयुष्यात
एवढ्या वेळा कुणी हात लावला असेल?

पिवळं कार्ड पुढं केलं होतं मी पहिल्याच रात्री.
काउंटरवरची मुलगी माझ्याएवढीच,
हळू आवाजात म्हणाली,
"ताई, ती योजना आमच्याकडं सध्या बंद आहे. आधी पन्नास जमा करा."
तिचा डबा उघडा होता.
आंब्याच्या लोणच्याचा वास आला.
मला तिचा राग यायला हवा होता.
मला भूक लागली.

चौथ्या रात्री बाबा म्हणाले, वाच.
मी वाचलं. कानातलं, बकऱ्या चार, शिलाई मशीन,
आत्याचे बावीस हजार, बचत गटाचे तीस,
मास्तरांचे पाच, ज्यांना परत नकोत
आणि म्हणून जे सगळ्यात जड.
एकूण दोन लाख एकोणचाळीस हजार.
बाबा टाक्यांवर हात ठेवून ऐकत होते,
पोट दुसऱ्याचं आहे, सांभाळायला दिलंय, असे.
"अन् तुही फी?"
ते मी लिहिलं नव्हतं.
वही मिटताना बेडूक दिसला.

आता बाबा पायरी उतरताना भिंत धरतात.
मोहाच्या झाडाखालून जातानाही वर बघतात.
पानठेल्यावर कुणीतरी म्हणतं,
"सरका रे, अडीच लाखाचा मानूस येऊन रायला."
सगळे हसतात. बाबाही हसतात,
पण हसताना जपून, टाके ओढले जाऊ नयेत एवढंच.

डोंग्याचं नाव मात्र वाचताना मी गाळलं होतं.
ते त्यांनीही विचारलं नाही,
आणि मला वाटलं, विसरले.

परवा सकाळी ते तलावाच्या पाळीवर गेले, मी मागून.
धुकं पाण्यावरून उठत होतं.
शिंगाड्याच्या वेलांपलीकडं डोंगा होता
आणि त्यात हिरामण वलथरे, जाळं ओढत.
त्यानं बाबांना पाहिलं.
मान खाली घातली, वल्हं मारलं,
दुसऱ्या काठाकडं निघाला,
जणू चोरीच केली होती त्यानं,
अठरा हजार रोख मोजून.

बाबांनी तोंडाशी हात नेला.
मला वाटलं आता ओरडतील,
आणि ओरडलेच ते, टाक्यांची पर्वा न करता,
"उजव्या बाजूनं झिरपते थो! हिरामण!
डांबर लाव, बुडाले! दिवाळीच्या आत लाव!"

आवाज पाण्यावरून गेला.
हिरामणनं वल्हं थांबवलं.
वाकून, उजव्या बाजूला,
हातानं चाचपून पाहिलं.