अंधार वजा

दारव्ह्याचं सायबर कॅफे बुडालं, तेव्हा
भंगारातून चाळीस रुपयांत आणला हा कॅमेरा.
याच्यासमोर बसून कितीक जणींनी
दमामच्या नवऱ्याला बाळाचे दात दाखवले असतील.

आज त्याचे स्क्रू काढले.
भिंग ठेवलं वाटीत,
आणि सुईच्या टोकानं चिपचा एक पाय
अलगद उचलला बोर्डावरून,
मुंगीच्या पायाहून बारीक.
श्वास धरून डाग दिला.
पंख्याच्या वाइंडिंगमधली केसाएवढी तार
आता ठरवील
डोळा किती वेळ उघडा ठेवायचा ते.

नवाला हेमराज मडावीचा फोन, लाइनमन आहे.
"फीडर गेला भाऊ. दोन घंटे त येत नाई."
गाव कावतं. मी दुर्बीण अंगणात काढतो.

"अन् झाकण काऊन लावलं?" तो येऊन विचारतो.
लोणच्याच्या बरणीचं आहे, नेमकं बसलं.
अंधाराचाही फोटो काढावा लागतो, म्हटलं.
चिप तापली की स्वतःच्याच चांदण्या पाडते,
खोट्या, तांबड्या.
त्या मग खऱ्यातून वजा करायच्या.

हेमराज बोलला नाही.
उत्तरेला म्हातारीची बाज वर येत होती,
मागचे तीन चोर त्यानं मोजून घेतले.

चाळीस सेकंद. पुन्हा चाळीस.
लॅपटॉप अकरा टक्क्यांवर.
मृगाच्या पोटात, बाणाच्या जरा खाली
राखेचा हात फिरल्यासारखं काहीतरी.
"काचेले बोट लागलं वाटते तुयं."

पुसली काच. पुन्हा चाळीस सेकंद.
डाग तिथंच.