टोंगा : एक नग

साडेसहाचा गजर.
एल्डर हाफोका गुडघे टेकतो
ते खालच्या बिऱ्हाडाला कळतं.
एकशे तीस किलोंची प्रार्थना आहे ती.
मी आढाव, नेवाशाचा, पंचावन्न किलो.
माझी छतापर्यंत पोचते की नाही, शंका.

दोन पांढरे शर्ट, छातीवर दोन काळ्या पाट्या.
माझगावात विचारतात, बँकेचे का?
पाणी शुद्ध करायचं मशीन विकता?
आम्ही कायम दोघं. नियमच आहे,
एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात राहायचं.
याआधी मला कुणी
एवढं सलग पाहिलं नव्हतं.

निघताना मावशी म्हणाली होती,
आपला येशू काय जुना झाला होता?
मी बूट पुसत राहिलो.

रविवारी तो पँटवरून कमरेला चटई गुंडाळतो,
आत्यानं विणलेली, काथ्यानं बांधलेली.
रखवालदार म्हणतो, बसायची वस्तू नेसली काय रे यानं?
तो हसून मान हलवतो.
नेसल्याशिवाय देवापुढे जाणं म्हणजे
त्याच्या गावात उघडं जाणं.

मराठीतलं सगळ्यात अवघड वाक्य
पश्चात्तापाचं नाही.
"चहा नको" हे आहे.
सहा महिने घोकून ते त्याला स्वच्छ येतं,
आणि बायका स्वच्छ दुखावतात.

तिसऱ्या मजल्यावरच्या तोडणकरबाईंनी शेवटी
कोकम सरबत काढलं. आणि अळूवड्या.
हाफोकाचा घास हवेत थांबला.
"लू," म्हणाला. गुंडाळीतलं पान उलगडून पुन्हा, "लू."
त्याची आई त्यात मांस बांधते, नारळाचं दूध ओतते,
मातीत पुरून शिजवते.
बाई म्हणाल्या, चिंच नाही? मग घसा खवखवत असेल.
त्याचा घसा खवखवत होता.
चिंच होती तरी.

तोडणकर खाटेवरून सगळं ऐकायचे.
गोदीत टॅली क्लार्क, चौतीस वर्षं.
जग त्यांना मालावरून पाठ :
बसरा म्हणजे खजूर, रंगून म्हणजे साग,
झांजीबारच्या लवंगेनं शर्टाला आठवडाभर वास.
टोंगा?
डोळे मिटून त्यांनी सगळे धक्के पालथे घातले.
"नाही. तिकडून काही आलं नाही कधी."

सोमवारी आम्ही कपडे धुतो, घरी फोन करतो.
इथं सकाळचे नऊ,
तिथं त्याच दिवसाची सावली लांबलेली.
त्या सोमवारी तो बराच वेळ नुसता ऐकत होता.
मग फोन खिशात टाकून तिसऱ्या मजल्यावर गेला
आणि होते तेवढे शब्द वापरले :
"आजोबा. खाली. चला."

दहा महिने तोडणकर खाली उतरले नव्हते.
लिफ्ट नाही, मुलगा शारजाला.
हाफोकानं त्यांना उचललं ते
झोपलेलं पोर पाहुण्यांच्या घरून आणावं तसं,
डोकं खांद्यावर.
मी पुढे, हातात त्यांच्या चपला.
घामानं त्याची पाटी तिरकी झाली.
चौपन्न पायऱ्या कुणी बोललं नाही.

सलूनमध्ये दाढी झाली.
टपरीवर त्यांनी चहा मागवला,
आमच्याकडे पाहून म्हणाले, तुमचाही मीच पितो.
तीन ग्लास.
मग गोदीच्या भिंतीकडे बघत बसले,
पलीकडचं दिसत नव्हतं तरी.

रात्रीचा अहवाल मी लिहितो.
शिकवलेले धडे : शून्य.
नवी माणसं : शून्य.
रकाने एवढेच होते.
पलीकडच्या पलंगावर पाठ होती, मोठी, भिंतीकडे वळलेली,
आणि झोपेत हलते त्याहून वेगळी हलत होती.
नजरेच्या टप्प्यात राहायचं.
मी दिवा घालवला.

दुसऱ्या दिवशी तोडणकरांनी उशीखालून वही काढली.
थरथरत्या अक्षरात,
टोंगा. एक नग. पोचला.
मला जवळ बोलावलं, हळूच विचारलं,
"तूटफूट?"
हाफोका स्वयंपाकघरात बाईंना पान धरून दाखवत होता,
शिरा कशा सोलायच्या.
लिहा, थोडी, म्हणालो मी.
त्यांनी पेन्सिल जिभेवर ओली केली.